मनाचा बैल

घोटीच्या बाजारात बैल विकायला आलेला शेतकरी आपल्या बैलाला वाईट म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात भर चिखलणीत त्या बैलाने बसकण मारलेली असेल, शेपूट पिरगाळूनही तो उठला नसेल, शेवटी शेजाऱ्याची जोडी मागून आणावी लागली असेल. तरी दावणीशी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला तो एवढेच सांगतो, ‘जरा मनाचा हाये.’ शिंग उगारणारा बैल ‘तेज’ असतो. परका माणूस जवळ आला की लाथ झाडणारा ‘धन्याच्या हाताचा’ असतो. मोटारीचा आवाज ऐकून गाडीसकट शेतात घुसणाऱ्याने ‘अजून डांबरी बघितली नाही’. जोडीदाराला ओढू देऊन स्वतः जू नुसते मानेवर वागवणारा ‘बरोबरीची जोड मागतो’. मारका, बसका, बुजरा, अंगचोर हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत आणि रोज वापरात आहेत. पण ते दुसऱ्याच्या बैलासाठी, आणि तेही धनी समोर नसताना.

सगळ्यात मोठी स्तुती एका शब्दाची. ‘गरीब हाये.’ पोराने शेपटीला लोंबकळावे, बाईमाणसाने दावे धरून पाण्यावर न्यावे, तरी मान न हलवणारा बैल म्हणजे गरीब बैल. हा शब्द ज्याच्या वाट्याला येत नाही त्याच्याविषयी गिऱ्हाईक आपोआप सावध होते. बैलबाजारातली खरी माहिती अशी न उच्चारलेल्या शब्दांतून मिळते, आणि ही रीत चार पिढ्यांच्या व्यवहारातून घडलेली आहे.

इगतपुरी तालुक्यातले घोटी हे डांगी जनावरांचे बाजारपेठेचे गाव. डांगी ही सह्याद्रीच्या माथ्यावरची जात: इगतपुरी, पेठ, सुरगाणा, अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि पलीकडे गुजरातचा डांग हा तिचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर आणि तेलकट कातडी. या कातडीवरून पाणी ओघळून जाते, म्हणून चार महिने धो धो पावसात भाताच्या खाचरात उभे राहायची ताकद या बैलात असते. तो संथ असतो, पण दमाचा असतो. अकोल्यातल्या राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते आणि तिथे क्रमांक आलेल्या वळूचे नाव पंचक्रोशीत वर्षभर घेतले जाते. नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मालेगावच्या बाजारात, कोरडवाहू मुलखातली उंच, चपळ जनावरे येतात. एका बाजारात चिखल तुडवणारा बैल हवा असतो, दुसऱ्यात लांब पल्ल्याची गाडी ओढणारा. त्यामुळे एका ठिकाणचा ‘थंड’ बैल दुसऱ्या ठिकाणी ‘दमाचा’ ठरू शकतो, आणि विकणाऱ्याला हे चांगले माहीत असते.

बैलाला नावे न ठेवण्यामागे पैशाचा हिशेब आहेच. पण तेवढाच हिशेब धरला तर या माणसांवर अन्याय होईल. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचे, ज्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण द्यायचे, शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावून ज्याला घरच्या बाईने ओवाळायचे, त्याला चारचौघांत ‘हरामी’ म्हणताना जीभ अडते. बैलाला बोलणे कळते ही समजूत तर सार्वत्रिक आहे. म्हणून विक्रीलाही सरळ विक्री म्हणत नाहीत. बैल ‘बाजार दाखवायला’ नेतात. घरी परत येऊन ‘दावं सोडलं’ म्हणतात. विकलेल्या बैलाचा कासरा आणि मोरकी पुष्कळ जण देत नाहीत, काढून घरी आणतात.

घेणाराही काही भोळा नसतो. तो आधी लांबून बैल बघतो, मग मागून बघतो, मग धन्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारतो आणि त्या ओघात अचानक बैलाच्या जबड्यात हात घालतो. एका हाताने नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हाताने खालचा ओठ ओढायचा. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच. खालचे आठ बघायचे. एकही पक्का दात नाही तो आदत, दोन आले तो दोनदाती, मग चौसा, सहादाती, आणि आठही दात आले की तो जुळला. साधारण अडीच वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतचे वय असे दातावर वाचता येते. त्यानंतर झीज बघायची. विकणारा ‘आत्ताच जुळलाय’ म्हणतो तेव्हा बोटाला लागणारी दाताची कड खरे काय ते सांगून टाकते.

मग हात मानेवरून फिरतो. जुवाचा घट्टा दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर बैल एकाच खांदी चालत आलेला असतो, दुसऱ्या बाजूला जुंपला की अडतो. पोटाखालच्या आणि पाठीवरच्या केसांचे भोवरे बघितले जातात. केसांची उलटी फिरलेली रेघ म्हणजे गोम; ती कुठे आहे यावर बैल लाभाचा की घाताचा हे ठरवणारे जुने जाणते आजही भेटतात. भोवऱ्यांचे हे शास्त्र घोड्यांच्या परीक्षेतही आहे. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथपरंपरेत घोड्याच्या अंगावरच्या आवर्तांची शुभाशुभ फळे तपशिलाने दिलेली असतात. त्यात तथ्य काही नाही. पण भोवरा शोधायच्या निमित्ताने माणूस जनावराच्या अंगावरून इंच न् इंच हात फिरवतो आणि जुनी जखम, सुजलेला गुडघा, दुखरी बरगडी त्याच्या हाताला लागते. आणि परका हात अंगावर फिरत असताना बैल काय करतो, हे तर त्याला दिसतेच.

सौदा ठरायची पद्धतही जुनी आणि याहून अबोल आहे. दलाल विकणाऱ्याचा पंजा हातात घेतो, वर उपरणे किंवा रुमाल टाकतो आणि बोटे दाबून आकडा सांगतो. मग तसाच घेणाऱ्याचा पंजा धरतो. सभोवती वीस माणसे उभी असतात, त्यांना काही कळत नाही. शेतमालाच्या बाजारात पुढे उघड लिलाव आले. जनावरांच्या बाजारात रुमाल टिकला, कारण इथे नगाला नग सारखा नसतो आणि शेजारच्या दावणीवरचा भाव आपल्या बैलाला लागू पडत नाही. तोंडाने आकडा बोलायची वेळ आली तर त्यासाठी नंदभाषा होती: एकाला भुरका, दोनाला आवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू, दहाला अंगुळू. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची आणि दलालांची ही सांकेतिक बोली किती जुनी असावी याचा अंदाज एका अभंगावरून येतो. संत विसोबा खेचरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या त्या अभंगात शंकराची मुखे, डोळे आणि हात याच आकड्यांत मोजलेले आहेत.

आकड्यांसाठी गुप्त भाषा होती, पण दोषांसाठी नव्हती. दोष सांगायची बोली सगळ्यांना कळेल अशीच ठेवलेली होती. ‘मनाचा हाये’ हे वाक्य ऐकून घोटीच्या बाजारात कुणी फसत नाही. फसतो तो शहरातून हौसेने शेती करायला आलेला. विकणाऱ्याने खोटे बोललेले नसते, घेणाऱ्याला इशारा मिळालेला असतो आणि बैलाची चारचौघांत शोभा झालेली नसते. तिघांचीही बूज राखणारी ही भाषा आहे, आणि तिला फसवणूक म्हणणे चुकीचे आहे.

कायद्याने हाच प्रश्न घोड्याच्या निमित्ताने हाताळला. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात, कपट म्हणजे काय हे सांगणाऱ्या १७ व्या कलमाखाली उदाहरणे दिलेली आहेत आणि त्यातली पहिली तीन जनावराच्या बाजारातून उचलल्यासारखी आहेत. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नाही. आता समजा ‘ब’ ही ‘अ’ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झालेली आहे. मग नात्यामुळेच ‘अ’वर सांगायची जबाबदारी येते. तिसरे उदाहरण सर्वांत मार्मिक. ‘ब’ म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन. यावर ‘अ’ गप्प बसला तर ते गप्प बसणे बोलण्याइतकेच धरले जाईल.

हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्लंडातले घोडेबाजार असावेत. पण त्यांची ही तिन्ही उदाहरणे नाशिकच्या खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीत. अनोळखी गिऱ्हाइकापुढे गप्प राहण्याची मुभा आहे. पाव्हण्यारावळ्याला, भाऊबंदाला बैल देताना मात्र सगळे उघड सांगितले जाते: ‘नाना, हा डाव्या अंगाला बसतो, तुमच्या गाळाच्या रानात नका नेऊ.’ आणि हुशार गिऱ्हाईक तिसऱ्या उदाहरणातला डाव नेमका टाकते. ते विचारत नाही, सांगते: ‘म्हंजे मारत नाही, बसत नाही, दोन्ही खांदी चालतो, असं धरून चाललो बघा मी.’ यावर विकणाऱ्याने मान हलवली तर पंचांपुढे ती मान साक्ष म्हणून उभी राहते. त्याने बंडीच्या खिशातून चंची काढून पान लावायला घेतले, तर गिऱ्हाईक तीन गोष्टी पुन्हा एकेक करून म्हणून बघते आणि पान कोणत्या गोष्टीला लावले गेले ते हेरते.

पुढे १९३० चा मालविक्री अधिनियम आला आणि घेणाऱ्याने आपले बघून घ्यावे हे तत्त्व त्यात पक्के झाले. त्याला अपवादही ठेवला गेला: घेणाऱ्याने आपली गरज सांगितली असेल आणि तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून राहिला असेल, तर माल त्या गरजेला उतरायला हवा. ‘औताला हवा’ असे आधीच सांगून टाकण्याची बाजारातली सवय या कलमाहून जुनी असणार. अर्धे पैसे आज आणि उरलेले बैल औताला चालल्यावर, अशा बोलीवर होणारे सौदे हा त्याच सावधपणाचा दुसरा भाग.

घोड्यांच्या बाजाराची बोली थोडी वेगळी. दत्तजयंतीला तापीच्या काठी सारंगखेड्याला घोड्यांची मोठी यात्रा भरते. आज ते नंदुरबार जिल्ह्यात असले तरी नाशिकचे शौकीन आणि लग्नाच्या वरातीला घोडे पुरवणारे तिथूनच जनावर आणतात. तिथे रंग आणि चाल यांवर जीव टाकला जातो: नुकरा, अबलख, पंचकल्याणी, देवमण असलेला, रेवाल चालणारा. न आवरणाऱ्या घोड्याला ‘तोंडाचा कडक’ म्हणतात आणि अर्ध्या वाटेत उभा राहणाऱ्याला ‘हौशी’. नाशिकमध्ये १८८९ साली नाशिक रोड स्टेशन ते शहर अशी ट्राम सुरू झाली आणि ती आधी घोडेच ओढत होते. डबा भरलेला असताना अडून बसणारा घोडा तिथे काय कामाचा? अशा घोड्यासाठी मराठीत अडेलतट्टू हा शब्द आहे. तो आज सर्रास माणसांना लावला जातो, आणि तोंडावर लावला तर भांडण होते.

माणसांचे अवघड वागणे झाकून सांगणारा एक शब्द तर नाशिकने इंग्रजांनाही दिला. देवळालीला १८६१ मध्ये लष्कराची संक्रमण छावणी उभी राहिली. मुदत संपलेले गोरे शिपाई इथे बोटीची वाट बघत थांबत. हिवाळ्यात बोटी सुटत. त्या हंगामानंतर आलेल्यांना पुढच्या हंगामापर्यंत उन्हात आणि पावसात नुसते बसून काढावे लागे. काम नाही, घर दिसत नाही, वर ताप. त्यातून कुणाचे डोके फिरले तर सोबती त्याला वेडा म्हणत नसत, त्याला ‘डूलॅली टॅप’ झालाय म्हणत: देवळाली आणि ताप. तो शब्द इंग्रजीत अजून जिवंत आहे. शिपायांनी आपल्या सोबत्याची लाज ज्या मायेने राखली तीच माया बैलाला ‘मनाचा’ म्हणणाऱ्यात आहे.

शर्यतीत मात्र ही बोली पणाला लागते. औताचा बैल बसला तर एका घराचा दिवस जातो. शर्यतीचा बैल अडला तर हजारो लोकांसमोर गावाचे नाव जाते. महाराष्ट्रात बैल पळवायच्या रीती मुलखागणिक निराळ्या. नाशिकच्या दक्षिणेला जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात चढणीच्या घाटावर चार बैल गाडा ओढत जातात, पुढे घोडीस्वार असतो आणि निकाल सेकंदांवर ठरतो. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर दोन बैलांचे हलके छकडे आखलेल्या तासांतून, म्हणजे पट्ट्यांतून, एकाच वेळी सुटतात; गट, सेमीफायनल, फायनल असा दिवसभराचा खेळ. विदर्भात त्याला शंकरपट म्हणतात. नाशिक जिल्ह्यातल्या जत्रांतही गाडे पळत आले आहेत.

पळीच्या बैलाची खोड निराळी असते. तो सुटायच्या रेषेवर उभा राहत नाही. किंवा उभा राहतो आणि झेंडा पडल्यावर हलत नाही. किंवा अर्ध्या मैदानापर्यंत सगळ्यांच्या पुढे असतो आणि मग एकदम शेजारच्या तासात घुसतो, नाहीतर कडेच्या गर्दीत. घरामागच्या रानात वाऱ्यासारखा पळणारा बैल लाउडस्पीकर, हलगी आणि आरडाओरडा ऐकून गोठून जातो. अशा बैलाविषयी मालक सांगतो, ‘पळ आहे, फक्त मैदान कमी बघितलंय.’ दुसरा सांगतो, ‘जोड लागली नाही.’ तिसरा सांगतो, ‘सकाळच्या गटात घाला, उन्हाचा नाही तो.’ माईकवर बोलणारा निवेदक या बोलीत पारंगत असतो. तासाबाहेर गेलेल्या गाडीविषयी तो बैलाला दोष देत नाही. बैलाचे नाव घेऊन, मागच्या मैदानातला त्याचा पराक्रम सांगून, आज नशिबाने साथ दिली नाही म्हणतो. मालक माईकच्या टप्प्यात उभा असतो आणि पुढच्या जत्रेला त्याला पुन्हा बोलवायचे असते.

पैजेच्या आणि बक्षिसाच्या जगात सगळीकडे अशी बोली तयार होते. इंग्लंडात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ ला सुरू झाल्या. रुळावरून पळणारा नकली ससा आणि त्याच्यामागे सुटलेले कुत्रे. प्रत्येक कुत्र्याच्या मागच्या शर्यतींची टिपणे पत्रिकेवर दोन-दोन शब्दांत छापली जातात: उशिरा सुटला, बाहेरच्या कडेने गेला, गर्दीत सापडला. तीच टिपणे कुत्र्याच्या नावापुढे पुन्हा पुन्हा दिसली की जाणकार त्यातून स्वभाव वाचतो. काही कुत्र्यांना ससा पकडण्यापेक्षा शेजाऱ्याशी झोंबण्यात रस असतो. ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या नियमावलीतच याची व्यवस्था आहे: सावजाचा पाठलाग पुरेशा निष्ठेने केला नाही, असा ठपका कुत्र्यावर येतो, त्याला काही दिवस मैदानाबाहेर ठेवतात आणि चाचणीत नीट पळून दाखवल्याशिवाय परत घेत नाहीत. घोड्यांच्या बाबतीत, १९४८ मध्ये सुरू झालेल्या टाइमफॉर्म या ब्रिटिश प्रकाशनाने तर शब्दही वाचवले. ज्या घोड्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याच्या गुणांकापुढे एक नागमोडी खूण येते. फारच बेभरवशाचा असेल तर अशा दोन.

दख्खनच्या पठारालाही शिकारी कुत्र्यांची परंपरा आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात कुत्र्यांच्या खेळाला सारमेयविनोद म्हणून स्वतंत्र जागा आहे. सोलापूर-सांगलीकडचे कारवानी कुत्रे आणि त्यांचे मुधोळचे भाऊबंद सशामागे सुटत; मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ससा सुटला आणि कुत्र्यांच्या गुणदोषांची ती रानातली भाषा मागे पडत गेली. बैलांची भाषा टिकली, कारण बैल दावणीला राहिला.

पण शर्यतीच्या बोलीतला एक भाग माफ करण्यासारखा नव्हता. ‘बैल तयार केलाय’, ‘जरा जागा करावा लागतो’, ‘चाकोरीच्या बोलण्याने ऐकत नाही’ या वाक्यांत बैलाचा दोष सौम्य केलेला असतो, पण त्यासोबत माणसाचे कृत्यही झाकलेले असते. शेपूट पिरगाळणे, शेपटीला चावा घेणे, टोकदार खिळ्याने टोचणे, विजेचा झटका देणे हे प्रकार न्यायालयांपुढे पुराव्यांसह आले. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती थांबवल्या; बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हे त्या निकालाचे एक महत्त्वाचे सूत्र होते. ज्या बैलाला मालक वर्षानुवर्षे बेभरवशाचा म्हणत आले, त्यातले कितीतरी बैल फक्त भेदरलेले होते. त्यांना ‘मनाचा’ म्हणणारा शेतकरी या निकालाच्या जास्त जवळ होता. जनावराला मन आहे आणि ते नाही म्हणू शकते, एवढे तरी तो कबूल करत होता.

पुढचा घटनाक्रम शर्यतशौकिनांना तोंडपाठ आहे. २०१७ मध्ये राज्याने प्राणी क्रूरता प्रतिबंधक केंद्रीय कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना अटकाव केला, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. आता परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक-काठीला मनाई अशा अटी आहेत. सात वर्षांच्या बंदीनंतर बक्षिसांनी उडी मारली. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिले बक्षीस म्हणून थार गाडी होती. बकासूरसारख्या बैलाचे नाव आता शाळकरी पोरांनाही माहीत असते.

काठी खाली ठेवावी लागली आणि बैल निवडण्याची कसोटी बदलली. हाकेवर पळणारा, गर्दीत न बिचकणारा, सोडायच्या रेषेवर शांत उभा राहणारा बैल आधीही मोलाचा होता. आता त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आदत खोंडाला लहानपणापासून माणसांत वागवणे, हलगीच्या आवाजाची सवय लावणे, घाई न करता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मैदान दाखवणे ही मेहनत वाढली आहे. काठी चालत होती तेव्हा जिथे चार फटक्यांत काम भागवले जाई, तिथे आता दोन वर्षे जातात. ही या खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे आणि ती सगळीकडे पाळली जावी.

औताच्या बैलाची गोष्ट उलट दिशेने गेली. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर इगतपुरीच्या खाचरांतही उतरले. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि न चालणाऱ्या बैलाला बाजारात जो शेवटचा भाव मिळे तो बंद झाला. अडणारा, बसणारा बैल आता विकायचा असेल तर त्याला काम करणारा म्हणूनच विकावे लागते. त्यामुळे गोड शब्दांवरचा भार वाढला आणि घेणाऱ्याची शंकाही.

मोबाइल आल्यावर दावण हातात आली. विक्रीच्या व्हिडिओत बैल आधी उभा दाखवतात, मग चालवतात, मग एखादे लहान मूल त्याच्या पोटाखालून पलीकडे जाते, आणि खाली मजकूर असतो: चौसा, दोन्ही खांदी, गरीब, मारत नाही, कामाची गॅरंटी. कधी त्यातला एखादा शब्द गळलेला असतो. नाशिक जिल्ह्यातले जाणते गिऱ्हाईक व्हिडिओ दोनदा बघते, मजकूर एकदा वाचते आणि फोन लावते. रामराम होतो, पाऊसपाणी होते, गावच्या ओळखी निघतात. मग ते विचारते, ‘अण्णा, बाकी समदं वाचलं. पण डावी खांद लिहायची राहिली का?’